शेवटच्याने आधी

केमीच्या कागद गिरणीतून राइमोचा फोन आला,
नोव्हेंबरात, दुपारी साडेतीनला, म्हणजे अंधारात.
म्हणाला, "तुमचा आलेख खोटं बोलतोय."
कागदाची जाडी सेकंदासेकंदाला मोजणारं त्याचं यंत्र,
आणि पडद्यावरची रेघ सरळ, पट्टीने आखल्यासारखी.
"तीस वर्षं रोलवरून हात फिरवतोय मी.
इतका एकसारखा कागद देवाच्या घरीही निघत नसेल."

मी आधी त्याच्या वायरींवर संशय घेतला.
मग त्याच्यावर.
मग आठवड्याने, नाइलाजाने, स्वतःवर.

आमच्या लायब्ररीचं हे काम तसं हमालीचं.
मेमरीतले बाइट इथून उचलायचे, तिथे ठेवायचे.
पण 'इथे' आणि 'तिथे' एकमेकांच्या पायावर पाय देऊन उभे असले
की सुरुवात कुठल्या टोकाने, एवढाच प्रश्न.
चुकलात, तर पुढचं वाचायच्या आधीच पुसलं जातं
आणि पहिलंच माप
पुन्हा पुन्हा पुन्हा,
ओळ संपेपर्यंत.

शनिवारी सौनात हे जास्त नीट कळलं.
फळीवर आम्ही पाच जण, खांद्याला खांदा,
दारात नवऱ्याची आत्या आइली : "सरका जरा."
दाराजवळचा आधी सरकला, तर थेट शेजाऱ्याच्या मांडीवर.
सरकायचं असतं शेवटच्याने आधी,
भिंतीला टेकलेल्याने,
ज्याला कुणी काही म्हटलेलंच नसतं.

आमच्या कोडला हे वीस वर्षं ठाऊक होतं.
दोन पत्ते बघायचे, मोठा कुठला ते ठरवायचं, टोक निवडायचं.
फक्त, पत्ते तो तापमानासारखे वाचत होता.
मेमरीच्या बरोब्बर मध्यापासून पुढची सगळी घरं
त्याच्या लेखी शून्याखाली.
उणे अठरा आमच्याकडे हवा असते.
उणे अठरा नंबरचं घर नसतं,
टपाल वाटणाऱ्या कुठल्याही पोराला विचारा.
राइमोच्या जुनाट यंत्रातली मापं
नेमकी त्या उंबऱ्यावर आडवी पसरली होती.

दुरुस्ती एका अक्षराची.
उडीच्या नावातला 'जी' खोडला, 'ए' लिहिला.

वेइक्को म्हणाला, "चाचणी?"
"एका अक्षराला?"
त्याने शांतपणे कॉफी संपवली.
आमच्याकडे याला उत्तर म्हणतात.

मग एका अक्षरासाठी एकशे नव्वद ओळी.
मध्याच्या दोन्ही अंगांना जागा मागायची, सिस्टिम देईल तर;
टोकांना कुलूपबंद पानं लावायची,
पाऊल एका बाइटने जरी बाहेर पडलं तर तिथेच कोसळावं म्हणून;
प्रत्येक बाइटच्या कपाळावर त्याचा क्रमांक;
लांबी शून्यापासून. शून्य विसरू नये,
काहीच न हलवतानाही लोक पडले आहेत.

पण आधी जुना कोड परत बसवला.
चुकीला जी नापास करत नाही, ती चाचणी नव्हे, शोभा.
चालवली.
पास.
रात्री दीडपर्यंत मी त्या हिरव्या रंगाकडे बघत बसले.
कंपायलर, अतिशहाणा, माझी हाक ओळखून
परस्पर स्वतःच बाइट हलवत होता,
आमच्या दारापर्यंत कुणी येतच नव्हतं.
त्याचे हात बांधले. पुन्हा.
लाल!
घर झोपलेलं, नाहीतर ओरडलेच असते.

मग 'ए', मग हिरवा, मग वेइक्कोची सही,
आणि बदलाच्या टिपणात शेवटी एक ओळ :
चूक दाखवली राइमोने, हाताने.

डिसेंबरात त्याचं पाकीट आलं.
"रेघ पुन्हा वाकडी झाली. आभार."
सोबत कागदाचा तळहाताएवढा तुकडा.
मी त्यावरून अंगठा फिरवला, डोळे मिटून, दोनदा.
मला तर गुळगुळीतच लागला.